खाचरातला सावा

लावणीला पंधरा-वीस दिवस झाले की खाचरात सगळं सारखंच हिरवं दिसतं. बांधावरून पाहणाऱ्याला ते सगळं भातच वाटतं. बेणणीची सवय असलेली बाई मात्र चिखलात उतरते, शंका आली की एक पान चिमटीत धरून बोटं खाली नेते आणि पान खोडाला जिथे बिलगतं त्या सांध्याशी थांबते. भात असेल तर तिथे पांढुरका, पातळ पापुद्रा असतो आणि दोन्ही बाजूंनी खोडाला धरून असलेले बारीक केसाळ कान असतात. सांधा अगदी कोरा असेल, ना पापुद्रा ना कान, तर तो रानसावा.

वनस्पतिशास्त्रात याला एकिनोक्लोआ कोलोना म्हणतात. दर पावसाळ्यात उगवायचं, महिना-दीड महिन्यात निसवायचं आणि भात पिकायच्या आत दाणे मातीत झाडून मोकळं व्हायचं, असा याचा क्रम. जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांची जी यादी लेरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७मध्ये पुस्तकरूपाने मांडली, तिच्यात पहिला लव्हाळा, दुसरी हराळी, तिसरा या गवताचा थोरला भाऊ एकिनोक्लोआ क्रस-गॅली आणि चौथं हे. पहिल्या चारांतल्या दोन जागा एकाच कुळीने अडवल्या आहेत, आणि दोघांचंही आवडतं ठिकाण भाताचं शेत.

या गवतावरून कर्जत तालुक्यातल्या एका घरात आत्या आणि भाचा यांच्यात वाद चालतो. आत्याने उभा जन्म भात लावला आणि बेणला. भाचा वनस्पतिशास्त्र शिकला आहे, सुट्टीला गावी येतो तेव्हा तिच्याबरोबर शेतावर जातो. ऐकण्याआधी मला वाटलं होतं की म्हातारं माणूस जुन्या रीतीची बाजू घेईल आणि शिकलेला मुलगा औषधाची. झालं उलटंच, आणि म्हणूनच ते बोलणं लिहून काढावंसं वाटलं.

आत्या: यंदा बेणणी नाही. तणनाशक मारायचं ठरवलंय.

भाचा: कोणतं?

आत्या: बिसपायरीबॅक की काय म्हणतात ते. शेजारी गेल्या साली मारलं. आठ-दहा दिवसांत गवत पिवळं पडलं आणि भात जागच्या जागी. तू आता काही बोलणार असशील तर आधी चार दिवस माझ्याबरोबर वाक, मग बोल.

भाचा: औषध काम करतं हे मला माहीत आहे, आत्या. गवत दोन-चार पानांवर असताना मारलं तर चांगलंच करतं. मला भीती आहे ती दरवर्षी तेच मारण्याची.

आत्या: दरवर्षी तेच तर आम्ही करत आलो. पन्नास वर्षं तेच दोन हात आणि तीच कंबर.

भाचा: त्याचाही परिणाम झालाच की त्या गवतावर.

आत्या: काय परिणाम झाला? उपटलं ते गेलं.

भाचा: उपटलं ते गेलं. जे तुला दिसलं नाही ते राहिलं, आणि बी त्याने धरलं. तू उपटताना काय बघतेस?

आत्या: लावणीनंतरच्या बेणणीत? बुडखा बघते. साव्याचा बुडखा तांबूस-जांभळा असतो, कधी पानावरही जांभळे आडवे पट्टे असतात. शिवाय तो पसरतो, फुटवे बाजूला टाकतो. भाताचं चूड कसं सरळ उभं. एवढं बघून हात आपोआप जातो. पानाचा सांधा बघायची वेळ कधीतरीच येते.

भाचा: मग ज्या रोपाचा बुडखा जरा हिरवा आणि फुटवे जरा सरळ, त्याच्याकडे तुझा हात गेला नाही. पुढच्या वर्षी शेतात त्याचीच पोरं जास्त. असं हजार वर्षं चाललं तर?

आत्या: तर गवत भातासारखं दिसायला लागेल.

भाचा: लागलंच आहे. या आपल्या रानसाव्यात ते कमी आहे, तो अजून जांभळा आणि पसरट दिसतो. त्याच्या थोरल्या भावात मात्र पूर्ण झालंय. चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात भातातल्या त्या गवताची जनुकं तपासली. भाताची नक्कल करणारं वाण तिथे साधारण हजार वर्षांपूर्वी तयार झालं असं निघालं. म्हणजे सोंग राजवटीच्या सुमाराला, दक्षिणेकडे भातशेती दाटली तेव्हा. बुडख्याचा तांबडेपणा गेला, फुटवे सरळ झाले. हे कुणी मुद्दाम केलं नाही. बेणणाऱ्यांच्या बोटांनी केलं.

हे संशोधन २०१९मध्ये प्रसिद्ध झालं. त्यामागची कल्पना मात्र रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांची आहे. पिकांच्या मूळ भूमी शोधत ते जगभर हिंडले, आणि त्यांच्या लक्षात आलं की राय हे धान्य गव्हाच्या शेतातलं तण होतं. गव्हाबरोबर उगवत, गव्हाबरोबर कापलं जात, पाखडताना गव्हाबरोबर सुपात राहत ते गव्हासारखं होत गेलं. थंड, हलक्या जमिनीत गहू तग धरेना तेव्हा रायच पीक होऊन बसली. लाखो माणसांचं पोट भरेल असं धान्य शोधण्यात आयुष्य घालवलेला हा माणूस १९४३मध्ये सारातोवच्या तुरुंगात उपासमारीने खंगून गेला. तणाविषयी लिहिताना त्यांचं नाव घेतल्यावाचून मला पुढे जाववत नाही.

आत्या: म्हणजे दोष आमच्या बोटांचा?

भाचा: दोष नाही गं. तुमच्या बोटांनी एक गवत तण म्हणून घडवलं आणि तसल्याच बोटांनी दुसरं धान्य म्हणून. तू एकादशीला खातेस ती भगर काय आहे?

आत्या: वरी.

भाचा: भगर म्हणून वरी येते आणि सावाही येतो. तो सावा या रानसाव्यातूनच निघालाय, आपल्याच देशात. गढवालात त्यालाच झंगोरा म्हणतात आणि त्याची खीर करतात. रानसावा आणि पेरायचा सावा यांत फरक मुख्यतः एकच: रानसाव्याचा दाणा पिकला की गळतो, पेरायच्या साव्याचा कणसात बराचसा टिकून राहतो. कुणीतरी कधीतरी न गळणारी कणसं वेचून घरी नेली आणि पुढच्या वर्षी पेरली. इजिप्तमध्ये तर राजेरजवाड्यांच्याही आधीच्या काळातल्या ममींच्या आतड्यांत रानसाव्याचे दाणे सापडलेत. ज्याला तू उपटतेस ते माणसाने पूर्वीपासून खाल्लेलं आहे.

आत्या: खाल्लं असेल. माझी आजीही नडीच्या वर्षी गवताचा दाणा झोडून आणायची, त्याची पेज व्हायची. पण तिच्या तोंडून त्या पेजेचं कौतुक मी कधी ऐकलं नाही. तिला भात हवा होता. तू मला सांगतोस की हे धान्याचं भावंड आहे, आणि मी सांगते की ते माझ्या भाताचा घास काढतं. दोन्ही खरं असेल. खत मी भाताला टाकते, आणि आधी उचलतं कोण? श्रावणात दोन दिवस ऊन पडू दे, हे गवत भाताच्या वर वीतभर निघतं. तसं का होतं, ते तरी सांग.

भाचा: कारण उन्हात अन्न तयार करायची त्याची रीत भातापेक्षा सरस आहे. भात हवेतला कार्बन डायऑक्साइड ज्या विकरानं पकडतो ते विकर गरमीत चुकून प्राणवायूही पकडतं, आणि कमावलेलं थोडं वाया जातं. सावा, मका, ऊस, ज्वारी यांनी ही गळती बंद केलीये. ते कार्बन डायऑक्साइड आधी दुसऱ्या विकरानं पकडतात आणि पानाच्या शिरेभोवतीच्या पेशींत कोंडून त्या चुकणाऱ्या विकराला भरपूर पुरवतात. म्हणून तेवढ्याच उन्हात, कमी पाण्यात, तेवढ्याच नत्रात सावा जास्त वाढतो. फिलिपिन्समधली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आणि तिच्या बरोबरीचे शास्त्रज्ञ हीच रीत भातात आणता येईल का यावर कितीतरी वर्षं खपतायत.

आत्या: म्हणजे ज्याला मी मारते त्याच्याकडून ते शिकतायत.

भाचा: हो.

आत्या: शिकू देत. तोवर मला माझं भात वाचवायचंय. पहिला दीड महिना भात उघडं पडलं की पुढे कितीही बेणा, गेलेलं परत येत नाही. आणि नेमक्या त्या दीड महिन्यात माणूस मिळत नाही. वाडीवरच्या कातकरी बायका पूर्वी आमच्याकडे यायच्या. आता फार्महाऊसवर झाडलोटीला जातात, तिथे बारा महिने पगार असतो आणि पाठ भिजत नाही. त्यांना मी कुठल्या तोंडाने थांबवू? घरात मी आणि सूनबाई. ती सकाळी लोकलने नोकरीला जाते.

इथे भाचा गप्प राहिला, आणि राहणंच योग्य होतं. तणाबद्दल लिहिणारे आपण बहुतेक जण उभे राहून लिहितो. बेणणी मात्र वाकून करावी लागते. डोक्यावर इरलं, नडगीपर्यंत पाणी, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, आणि एका आवातून दुसऱ्या आवात जाताना कंबर सरळ करायला मिळते तेवढीच उसंत. हे काम जवळजवळ सगळं बायकांचं आहे. पाठीवर पंप घेऊन फवारायचं काम पुरुष करतात. तणनाशक आलं की बाईच्या अंगावरचा भार उतरतो हे खरं, आणि दुसऱ्याच्या शेतावर बेणायला जाऊन जे चार पैसे तिच्या हातात येत ते थांबतात हेही तितकंच खरं. आत्याने दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. म्हणून ती औषध मागते तेव्हा तिला निसर्गाचे धडे देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. भाच्याने दिले नाहीत. त्याने मुद्दा पुढे नेला.

भाचा: मार औषध. पण पंजाब-हरियाणात काय झालं ते ऐकून मार. तिथे गव्हात गुल्लीदंडा नावाचं गवत आहे, तेही एका हंगामाचं आणि लहानपणी गव्हासारखं दिसणारं. त्याच्यावर आयसोप्रोट्युरॉन नावाचं तणनाशक आलं आणि उत्तम चाललं. भात-गहू, भात-गहू, आणि दर थंडीत तेच औषध. दहा-पंधरा वर्षांत, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, हरियाणातल्या शेतांत गवत मरेनासं झालं. काही शेतकऱ्यांनी हिरवा गहू जनावरांना कापून घातला, कारण शेतात गव्हापेक्षा गुल्लीदंडाच जास्त होता.

आत्या: आपल्या साव्याचं असं कुठे झालंय का?

भाचा: झालंय. अमेरिकेत आर्कान्सा राज्यात थोरल्या भावाने प्रोपॅनिल हे तणनाशक पचवलं, १९९०च्या सुमाराला. ऑस्ट्रेलियात याच रानसाव्याने २००७मध्ये ग्लायफोसेटला दाद दिली नाही. औषध गवताला शिकवत नाही, आत्या. हजारात एखादं रोप आधीच तसं असतं. तू बाकीचे नऊशे नव्याण्णव काढून त्याला जागा करून देतेस. बुडख्याच्या रंगाचं जे झालं तेच. फक्त बोटांना कितीतरी पिढ्या लागल्या आणि औषधाला दहा-पंधरा वर्षं पुरतात.

आत्या: मग दुसरं औषध घ्यावं.

भाचा: दुसरं म्हणजे नावाने दुसरं नाही, कामाने दुसरं. दुकानात पाच डबे असतात आणि पाचही एकाच जागी घाव घालणारे असू शकतात. २०२१मध्ये दिल्लीच्या पुसा संस्थेने बासमतीचे दोन वाण दिले, १९७९ आणि १९८५ क्रमांकांचे. इमॅझेथापायर हे तणनाशक फवारलं तरी त्यांना काही होत नाही. थेट पेरणीच्या भाताला तो मोठाच आधार आहे. पण इमॅझेथापायर आणि तुझं बिसपायरीबॅक गवताच्या एकाच विकरावर घाव घालतात. एकाला जे रोप पुरून उरलं ते दुसऱ्यालाही पुरून उरण्याची शक्यता मोठी. हे डब्यावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलेलं असायला हवं.

आत्या: आमचे सासरे राब भाजायचे. पालापाचोळा, शेण, फांद्या वाफ्यावर पसरून वैशाखात पेटवायचे. त्या वाफ्यात गवत उगवायचं नाही. रोप घेऊन खाचरात गेलं तर रोपाबरोबर सावा जायचा नाही. आता कुणी राब भाजत नाही.

भाचा: वरच्या थरातलं बी जळतं, हे बरोबर आहे. पण त्यासाठी ऐनाची झाडं दरवर्षी बोडकी व्हायची.

आत्या: व्हायची. डोंगरही बोडका झाला, मी नाही म्हणत नाही. फांद्या डोक्यावरून मीच आणल्यात.

भाचा: राबाऐवजी पेरणीआधी वाफा भिजवून ठेवायचा, गवत उगवू द्यायचं, ते खरवडून मग भात पेरायचं, असं करता येतं.

आत्या: मृगाआधी वाफा भिजवायला पाणी कुठलं आणायचं? प्यायला टँकर येतो. हे तुझं कागदावर बरोबर आहे. ज्याच्याकडे बोअर आहे त्याला सांग.

भाचा: बरं, पाणी असतं तेव्हाचं बोलू. रानसाव्याचं बी उभ्या पाण्याखाली नीट उगवत नाही. लावणीनंतर पहिले दिवस खाचरात दोन बोटं पाणी कायम ठेवलं तर अर्धं काम पाणीच करतं. थोरला भाऊ पाण्यातही उगवतो, त्याचं वेगळं.

आत्या: ते आम्ही करतोच. चिखलणी चांगली, खाचर सपाट, बांध धड, तर पाणी सारखं उभं राहतं. उंचवट्यावर पाणी ठरत नाही आणि गवत तिथूनच सुरू होतं. पण माझं पाणी आता माझ्या हातात नाही. वरच्या अंगाची तीन खाचरं विकली गेली. मालक मुंबईचा, वर्षातून दोनदा येतो. तारेचं कुंपण घातलं आणि आत सगळा सावा माजलाय, कंबरेएवढा. कुणी कापत नाही. भाद्रपदात दाणे गळतात आणि पाऊस आला की वरच्या मोरीतून माझ्या खाचरात वाहत येतात. मी इथे एकेक ठोंब उपटते आणि वरून पायली भरून बी येतं. त्याला तुझं शास्त्र काय म्हणतं?

हा प्रश्न माझ्या मते त्या दिवसातला सगळ्यात मोठा होता. तणाचा विचार आपण एका शेतापुरता करतो. कर्जत-खालापूरकडे जमिनींचे तुकडे पडून विकले जात आहेत. त्या पट्ट्यात पडीक ठेवलेलं प्रत्येक खाचर खालच्या खाचरांना बी पुरवतं, कारण कोकणातली भातशेती पायऱ्यांची आहे आणि पाणी एकाच्या शेतातून दुसऱ्याच्या शेतात उतरतं. साव्याचा दाणा हलका, पाण्यावर सहज जातो, आणि मातीत पडला तर काही वर्षं उगवायची ताकद राखून असतो. पूर्वी बांध दोघांचा असे, त्यावरचं गवत गुरांना कापलं जाई आणि निसवायच्या आत गोठ्यात जाई. सावा हा चांगला चारा आहे, गुरं आवडीने खातात. गुरं गेली, कापणारे गेले, कुंपण आलं. गवत आहे तसंच आहे. त्याला अडवणारी माणसांची साखळी तुटली.

भाचा: शास्त्र म्हणतं, दाणा पडायच्या आत कापा. एका ठोंबाला हजारो दाणे लागतात. एक वर्ष ते मातीत पडू दिले तर पुढची कितीतरी वर्षं ते निस्तरावे लागतात.

आत्या: ते मला शाळेत न जाता ठाऊक आहे. कापायला कुणाला सांगू? कुलूप आहे.

भाचा: रखवालदार आहे ना? मालकाचा नंबर त्याच्याकडे असेल. मी बोलतो. गवत आपण फुकट कापून देतो म्हणून सांगतो. ज्यांच्याकडे अजून म्हशी आहेत ते चारा घेऊन जातील.

आत्या: आणि बियाणं?

भाचा: बियाण्याचं काय?

आत्या: घरचं भात बियाण्याला ठेवते ना मी, त्यात सावा असतोच. मग आपणच पेरायचा आणि आपणच उपटायचा.

भाचा: मिठाचं पाणी करतेस का? दहा लिटरला तीनशे ग्रॅम मीठ. त्यात बी ओतलं की पोचट भात आणि गवताचं बरंचसं हलकं बी वर तरंगतं. ते काढून टाकायचं, खालचं जड बी दोन-तीनदा साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवायचं.

आत्या: कृषी सहायकाने दाखवलं होतं एकदा. रोगासाठी म्हणून दाखवलं, गवताचं बोलला नाही. करीन. पण मी सांगते ते तूही ऐक. औषध मी यंदा मारणार. माझी कंबर आता बेणणीला साथ देत नाही, आणि त्याची लाज मला वाटत नाही. औषधातून जे ठोंब वाचेल ते मात्र मी शेतात ठेवणार नाही. तुझ्या त्या हजारातल्या एकाला मी स्वतः जाऊन उपटीन. एवढं वाकता येतं मला.

भाचा: तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे, आत्या. फवारणीनंतर वाचलेली ठोंबं. लोक तिथेच सोडून देतात.

आत्या: पुढच्या वर्षी औषध बदलायचं की नाही ते तू लिहून दे, नावाने नाही, कामाने. दुकानदाराला वाचून दाखवायला.

भाचा: देतो. आणि एखादं वर्ष, सूनबाईला सुट्टी मिळाली आणि मी आलो तर, आपली वरची दोन खाचरं नुसती हाताने बेणू. औषध अजिबात नाही.

आत्या: दोन नको, एक. तुला अजून भात आणि सावा ओळखू येत नाही, पानाचा सांधा बघत बसतोस. एका खाचराला तुझा दिवस जाईल. आणि रखवालदाराकडे आजच जा. कुंपणातला सावा पोटरीत आलाय, आठ दिवसांत निसवेल.